औंधच्या उतारावर पळणारी बाई

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाची तक्रार नको. मी पळणाऱ्यांतली बाई नव्हे. सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे, दिवसभर स्टुलावर बसायचं काम. वयाची चव्वेचाळिशी येईपर्यंत मी शेवटची कधी पळाले असेन तर सुटलेली एसटी पकडायला, आणि तीही मिळाली नव्हती. तेव्हा डोंगरवाटांवर पळण्याबद्दल काही भारी वाचायला मिळेल म्हणून इथं आला असाल, तर अपेक्षा जरा बेतानं ठेवा. तीन दिवसांत मी फार लांब गेले नाही, वेगानं तर मुळीच नाही. पण जे बघितलं आणि जे माझ्याच अंगात घडलं, त्यानं मी अजून थक्क आहे. दुकानात गोळ्यांच्या पाकिटांना सांगून झालं, आता तुम्हाला सांगते.

दीड वर्षापूर्वी माझा मोठा भाऊ गेला. दादा. अठ्ठेचाळिसावं वर्ष, पलूसच्या घरी सकाळचा चहा पिता पिता. मी सांगलीहून पोचले आणि त्याला उचलायच्या आधीच अंगणात कोसळले. माझी छाती इतकी धडधडत होती की सगळ्यांना वाटलं, बहिणीलाही अटॅक आला. भावाला स्मशानात नेत होते तेव्हा मी सांगलीच्या दवाखान्यात सलाईन लावून पडले होते.

अटॅक नव्हता. ईसीजी, इको, पट्ट्यावर चालायची तपासणी, सगळं व्यवस्थित आलं. डॉक्टर म्हणाले, हे भीतीचे झटके आहेत, हृदय उत्तम आहे. मी स्वतः हृदयाच्या गोळ्या विकते, मला ते डोक्यानं पटलं. पण छातीला कोण पटवून देणार? दर आठ-पंधरा दिवसांनी अचानक ती धडधडायला लागायची, हात गार पडायचे, घशाला कोरड पडायची आणि मला खात्री व्हायची की आता आपली पाळी. औषधं सुरू झाली, समुपदेशन झालं, थोडं हलकंही वाटलं. पण मी हळूहळू छाती धडधडेल असं सगळंच बंद करून टाकलं. जिना बंद. स्कूटर बंद. भारत-पाकिस्तान मॅच बंद. आणि घरात एकटीनं राहणं तर पूर्ण बंद.

हे शेवटचं सगळ्यात महागात पडणार होतं. माझे यजमान कर्नाटकातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन महिने घराकडे फिरकत नाहीत. घरात मी आणि माझी मुलगी केतकी. तिला पुण्यात नोकरी लागली होती, डिसेंबरात हजर व्हायचं होतं. घरून काम करू का, असं तिनं विचारून बघितलं, ते नाही म्हणाले. दिवाळी झाल्यावर एके दिवशी तिनं भांडी पुसता पुसता सहज सांगितलं, "आई, मी नाही कळवून टाकते त्यांना. सांगलीत बघू काहीतरी." मला त्या क्षणी हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचं इतकं वाईट वाटलं की मी तिला म्हटलं, चार दिवस थांब.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. सुनंदावहिनी, दादाची बायको. पलूसला प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिचं माहेर सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या डोंगरामागची एक वाडी. त्या वाडीत घरटी एक फौजी, तिचा भाऊसुद्धा सैन्यातून निवृत्त होऊन आलेला, आणि आता रोज पहाटे भरतीच्या पोरांना डोंगरावर पळवतो. दादा गेल्यावर वहिनी महिनाभर माहेरी होती. झोप यायची नाही, म्हणून पहाटे उठून त्या पोरांच्या मागं नुसती चालायची. चालता चालता कधी पळायला लागली ते तिलाही सांगता येत नाही.

"तीन दिवस सुट्टी काढ," ती म्हणाली. "पलूस, औंध, सातारा. मी गाडी चालवते, तू फक्त बूट घेऊन ये."

"वहिनी, मला जिना चढवत नाही."

"जिना कोण चढ म्हणतंय? डोंगर चढायचाय."

केतकीनं मला सांगलीच्या स्टँडवर पलूसच्या एसटीत बसवून दिलं, आणि पुढं माझ्याआधी वहिनीलाच फोन करून मी निघाल्याची वर्दी दिली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडी सकाळपासून बायकांनीच भरलेली असते, ही माहिती प्रवासाला निघणाऱ्या मैत्रिणींसाठी. पुढं नांद्रे, वसगडे करत तासाभराचा रस्ता. पण उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की त्या तासाला काही अर्थ राहत नाही. आमच्यापुढं दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून निवांत चालला होता आणि ड्रायव्हरला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला मात्र खिडकीतून सगळीकडे ऊसच ऊस दिसत होता आणि वाटत होतं, इथं झटका आला तर दवाखाना किती लांब आहे?

संध्याकाळी वहिनीनं मला पलूसच्या बाहेर, उसाच्या पट्ट्यांमधून जाणाऱ्या मातीच्या गाडीवाटेवर नेलं. सपाट वाट, मऊ माती. तिनं नियम सांगितला तो फौजी भावाकडून आलेला होता. बोलता येईल एवढंच पळायचं. बोलणं तुटलं की चालायचं. चालायला लाजायचं नाही. आणि चढ आला की सरळ चालायचंच, सगळे चालतात.

"मग यात पळणं कुठं आहे?" मी विचारलं.

"असतंय मधे मधे," ती म्हणाली.

मी पळाले. म्हणजे आधी फर्लांगभर चालले, मग जरा दुडकत गेले, मग परत चालले. दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस, तुरे आलेले, आणि मावळतीचं ऊन त्या तुऱ्यांतून खाली उतरत होतं. वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या, पाय कुठं टाकायचा ते बघावंच लागत होतं. परत आल्यावर लक्षात आलं की त्या अर्ध्या तासात मी स्वतःच्या छातीकडे एकदाही कान लावला नव्हता. दीड वर्षात असा अर्धा तास मला मिळाला नव्हता. मी वहिनीला काही बोलले नाही, म्हटलं, उगाच नजर लागायची. जेवायला वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी होती, मी तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायला निघालो. पलूस, कडेगाव, पुसेसावळी आणि औंध. रस्ता बरा आहे, पण वाटेत चहाच्या टपऱ्या सकाळी उशिरा उघडतात, तेव्हा थर्मास बरोबर ठेवा. कडेगाव सोडलं की ऊस विरळ होत जातो आणि मुलूख उघडा व्हायला लागतो. काळी जमीन, हिरवी ज्वारी, कांदा, आणि लांब लांब पसरलेले बोडके डोंगर. सांगलीच्या नदीकाठच्या माणसाला या उघडेपणाची आधी भीती वाटते. थोड्या वेळानं तेच बघत राहावंसं वाटतं.

औंधला यमाईचं मूळ ठाण डोंगरावर आहे. वर गाडी जाते, पण आम्ही पायऱ्यांनी गेलो. मी दर दहा-वीस पायऱ्यांना थांबत होते. छातीत ठोके पडत होते आणि दर थांब्याला माझा हात आपोआप मनगटावर जात होता. वहिनी बघायची आणि दीपमाळेकडे बोट दाखवायची, किंवा खालच्या तळ्याकडे. शेवटच्या टप्प्यावर वारं एवढं होतं की पदर, ओढणी, केस, जे काही सुटं असेल ते उडत होतं. वर किल्ल्यासारखी तटबंदी आहे. आत काळ्या पाषाणातली यमाई, मोठ्या डोळ्यांची, बसलेली. पुजारी नुकतीच पूजा उरकत होते. मी तिच्यासमोर धापा टाकत उभी राहिले. काही मागायचं सुचलं नाही, कारण बोलायला श्वासच नव्हता.

मग तटाबाहेर आले आणि तिथंच थबकले. खाली सगळं धुकं होतं. गाव नव्हतं, रस्ता नव्हता, तळं नव्हतं. धुक्याच्या वर फक्त डोंगरांच्या माथ्यांच्या रांगा, एकामागं एक, आणि अगदी लांब पवनचक्क्यांची नुसती पाती फिरताना दिसत होती, त्यांचे खांब धुक्यात बुडालेले. सूर्य वर आला तसं ते सगळं पांढरं आधी गुलाबी झालं, मग सोनेरी, आणि मग हळूहळू विरायला लागलं. एकेक शेत बाहेर यायला लागलं. कुठं मोटार सुरू झाल्याचा आवाज, कुठं कुत्रं. मला रडू आलं. दुःखाचं नव्हे. एवढं मोठं काहीतरी रोज सकाळी इथं घडतंय आणि त्याला माझी काहीच गरज नाही, याचं मला फार बरं वाटलं. दीड वर्ष मी स्वतःच्या छातीएवढ्या जागेत राहत होते.

डोंगराच्या मागच्या अंगानं धारेवरून एक पायवाट वहिनीच्या माहेरच्या वाडीकडे उतरते. गाडी घेऊन जायला वहिनीचा भाचा येणार होता. वाट सोपी आहे, पण गवत वाळलेलं असतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. लांब मोजे घाला, नाहीतर माझ्यासारखं संध्याकाळी बसून एकेक कुसळ उपटावं लागेल. धारेवर सपाटीला आम्ही दोघी पळालो. मग वाट खाली वळते तिथं वहिनी थांबली.

"ती बघ वाडी. वाट एकच हाय, चुकायला जागा न्हाई. मी पुढं जाऊन चहा टाकते."

"वहिनी, मी एकटी?"

"एकटीच. हाक मारलीस तर मला ऐकू येतंय."

आणि गेली. गेली म्हणजे खरंच गेली. पन्नाशीला आलेली बाई, त्या उतारावर पाय जेमतेम टेकवत अशी गेली की मी बघतच राहिले. मग ती वळणाआड झाली आणि मी डोंगरावर एकटी उरले. ठोका चुकल्यासारखं झालं. हात गार पडायला लागले. मला ते सगळं ओळखीचं होतं, पुढं काय होणार तेही माहीत होतं. वहिनीनं सांगितलं होतं, उताराला लहान पावलं टाकायची, गुडघे थोडे वाकलेले, नजर चार पावलं पुढं. दुसरं काही सुचेना, म्हणून मी तेवढंच केलं.

आणि काय सांगू! दहा-बारा पावलांत उतारानं मला उचललंच. मला पळावं लागतच नव्हतं, पाय आपले आपण पडत होते. दगड, गवत, घसारा, परत दगड. हात दोन्हीकडे पसरलेले, ओढणी मागं उडतेय, तोंडातून कसले कसले आवाज निघतायत. छाती ढोलासारखी वाजत होती आणि मी चक्क हसत होते. लहानपणीही मी अशी कधी पळाले असेन, असं वाटत नाही.

खाली कांद्याच्या रानात सात-आठ बायका ओळीनं भांगलत बसल्या होत्या. मला त्यांच्या डोक्याला बांधलेले टॉवेल दिसले. त्यांना मी दिसले. एकजण उभी राहिली. मग दुसरी. मग सगळ्याच खुरपी टाकून उठल्या आणि बांधाकडे पळत सुटल्या. मला वाटलं, रानात साप निघाला असणार. मी अजून जोरात पळाले. मी जोरात पळतेय हे बघून त्याही जोरात पळाल्या. बांधावर आम्ही एकमेकींवर आदळायच्याच बाकी होतो.

सगळ्यांत पुढं एक साठीच्या बाई होत्या, हौसाकाकू. हे नाव मला नंतर कळलं. त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

"कोन गेलं गं?"

मला धाप लागलेली. बोलता येईना. मी दुसरा हात वर करून 'थांबा' अशी खूण केली. तर एक तरणी सून मटकन खालीच बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. तिचा सासरा साताऱ्याला दवाखान्यात होता.

"सांग की गं बाई! आमच्या वाडीतलं हाय का?" दुसरी एकजण रडवेली झाली होती.

"कुणी… कुणी नाही हो," मी कसंबसं म्हटलं. "मी… सहज पळत होते."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"सहज?" हौसाकाकूंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. बूट, मोजे, कुसळं, ओढणी. "आगं, सहज कोन पळतंय? पळत्यात ती भरतीची पोरं, आन आमची सुनंदा. न्हाईतर निरोप आणनारं मानूस. बाईमानूस डोंगरावरनं हात पसरून पळत आलं म्हंजी आमाला काय वाटायचं?"

बसलेली सून उठली. तिनं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि तिला हसूच आवरेना. मग सगळ्याच हसायला लागल्या. एकीनं माझ्या पळण्याची नक्कल करून दाखवली, हात पसरून, 'आऽऽ' करत, आणि मला समजलं की मी लांबून खरोखरच भयानक दिसत असणार. मीही हसून हसून बांधावर बसले. पाण्याची कळशी आली. त्यांना चौकशा होत्याच. कुणाची, कुठली, नवरा काय करतो, भांडून तर आली नाहीस ना?

मी म्हटलं, मी सुनंदाची नणंद.

हसणं थांबलं. ती त्यांच्या वाडीची लेक. दादा गेला त्या दिवशी या बायका टेम्पोतून पलूसला आल्या होत्या.

"म्हंजी पाव्हण्यांची भन तू?" हौसाकाकू म्हणाल्या. "मग त्या दिशी तुला कशी बगितली न्हाई आमी?"

"मी दवाखान्यात होते. चक्कर येऊन पडले होते."

त्या माझ्याजवळ टेकल्या. "मग कडू घास कुनी दिला तुला?"

आमच्याकडे माणूस गेलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. भावकीतली, शेजारची माणसं भाकरी आणि पिठलं घेऊन येतात आणि मागं राहिलेल्यांना बळंच एकेक घास खायला लावतात. तो कडू घास. जाणारा गेला, तुम्हाला जेवायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या हातात त्या दिवशी सलाईन होतं. नंतर तेराव्यापर्यंत सगळं झालं, पण हा घास राहिला तो राहिलाच. आणि तो राहिलाय हे दीड वर्षात मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्याही मनात आलं नव्हतं.

"कुणी नाही दिला," मी म्हटलं.

"दीड वर्स झालं की गं," एकजण हळूच म्हणाली. "आता चालतंय व्हय?"

"ते मला ठावं न्हाई," हौसाकाकू म्हणाल्या. "पोरीचा ऱ्हायलाय तर ऱ्हायलाय. आन गं ती भाकरी."

कुणाच्या तरी फडक्यातली बाजरीची भाकरी आली, तिच्यावर झुणका. त्या सूनबाईंनी कांदा फोडला. हौसाकाकूंनी मातीचे हात पदराला पुसले, भाकरीचा तुकडा मोडला, झुणका लावला आणि माझ्या तोंडासमोर धरला. मी तोंड उघडलं. बाकीच्या बायका आजूबाजूला नुसत्या उभ्या होत्या. मी घास चावत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझ्या लक्षात आलं की छाती अजून धडधडतेय. अगदी तश्शीच, जशी त्या अंगणात धडधडली होती. तोच वेग, तोच आवाज कानात. फक्त मी या वेळी जेवत होते. उतार उतरून आले होते, म्हणून ती धडधडत होती, आणि मी बसल्यावर ती हळूहळू आपली आपण उतरत गेली. कुणी गोळी दिली नाही, कुणी मनगट तपासलं नाही. माझं हृदय नुसतं त्याचं काम करत होतं. मी दीड वर्ष त्याच्यावर नाहक आळ घेतला होता. मला त्या बिचाऱ्याचीच दया आली.

वहिनी चहा घेऊन बांधापर्यंत आली तेव्हा मी अख्खी भाकरी संपवली होती. तिला एका नजरेत सगळं समजलं. ती माझ्या शेजारी बसली, माझ्यापुढचा उरलेला कांदा उचलला आणि म्हणाली, "काकू, मला बी द्या की एक. मी त्या दिवशी खाल्ला, पर लागला न्हाई."

तो दिवस वाडीतच काढला. औंधचं जुनं संग्रहालय बघायचं राहून गेलं, तुम्ही चुकवू नका, फक्त वेळ आधी विचारून जा. रात्री आठला मी जी झोपले ती थेट पहाटे वहिनीनं हलवल्यावर उठले.

तिसरा दिवस साताऱ्याचा. रहिमतपूरवरून तासा-दीड तासात पोचतो. उजाडताना यवतेश्वरच्या घाटानं वर गेलो. हा घाट म्हणजे साताऱ्याच्या पळणाऱ्यांचं माहेरघर. पांढऱ्या केसांचे आजोबा, कॉलेजची पोरं, एक गरोदर बाईसुद्धा टेकडी चढताना दिसली, आणि कुणी कुणाला 'कोण गेलं' म्हणून विचारत नव्हतं. वर पठार. कासची फुलं संपलेली असतात नोव्हेंबरात, त्यामुळे गर्दीही नसते. माझं ऐकाल तर तेव्हाच जा. वाळलेलं सोनेरी गवत, दव आणि शांतता.

या वेळी मीच म्हटलं, "वहिनी, तुम्ही इथं थांबा. मी कड्यापर्यंत जाऊन येते."

अर्ध्या वाटेवर धुकं आलं. इतकं दाट की पायाखालची वाट तेवढी दिसावी. आणि तिथं, काही कारण नसताना, आला. झटका. चालत होते, पळतही नव्हते. छाती, हात, घसा, सगळं नेहमीच्या क्रमानं. मी खाली बसणार होते. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी छातीला मोठ्यानं म्हटलं, "धडधडायचंच आहे ना? मग चल, कारण देते." आणि पळायला लागले. हळूच, बोलता येईल एवढं. मोठ्यानं बोलतच होते, पाढे म्हणत होते, सतराचा पाढा मला कधीच येत नव्हता तोही म्हटला. थोड्या वेळानं धडधड होती, पण भीती तिच्याबरोबर नव्हती. ती कुठं मागं राहिली ते मला कळलंसुद्धा नाही.

कड्यावर पोचले आणि वाऱ्यानं धुकं बाजूला केलं. एका अंगाला खोल खाली उरमोडी धरणाचं पाणी, निळंशार, वळणावळणानं डोंगरांत शिरलेलं. समोर सज्जनगड. मागं वळले तर दुसऱ्या अंगाला कण्हेरचं पाणी. मधे या डोंगराच्या अरुंद पाठीवर मी, घामानं चिंब, नाकातून पाणी गळतंय. एक घार माझ्या पायाखालून गेली. पक्ष्याची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. किती वेळ उभी होते, सांगता यायचं नाही. वहिनीच्या हाका ऐकू आल्या तेव्हा परत फिरले.

साताऱ्यात मिसळ खाल्ली, कंदी पेढे घेतले आणि हायवेनं कराड, इस्लामपूर, आष्टा करत दिवेलागणीला सांगलीत. केतकीनं दार उघडलं आणि सवयीनं आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी पेढ्यांचा पुडा तिच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "हे नोकरीचे. जा, हजर हो."

तिला खरं वाटलं नाही. दोन दिवस वाद झाला, रडारड झाली, तिनं वहिनीला फोन लावून माझी चुगली केली. शेवटी गेली. ती गेल्यावर पहिल्या आठवड्यात मला दोन झटके आले, हेही लिहायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल की डोंगर म्हणजे जादू. माझ्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतील तेव्हाच कमी होतील. तुम्हालाही असं काही होत असेल तर आधी तपासण्या करा, मगच बूट घ्या. पण झटका आला की मी आता तपासायला मनगट धरत नाही. बूट घालते आणि बाहेर पडते.

मागच्या रविवारी दंडोबाच्या डोंगरावर होते. सांगलीपासून जवळ, स्कूटरनं जाता येतं, वर झाडी आहे आणि माकडं आहेत, खायचं हातात धरू नका. चढावर असताना केतकीचा फोन आला.

"आई? असा का आवाज येतोय तुझा? धाप लागलीये? काय होतंय तुला?"

"काही नाही गं. डोंगर चढतेय."

"कुणाबरोबर?"

"एकटी."

पलीकडून काहीच ऐकू येईना. मला वाटलं, रेंज गेली. मी वाटेत उभी राहिले.

"आहेस का गं?"

"आहे," ती म्हणाली. "किती राहिलंय वर?"

मी मान वर करून बघितलं. "थोडंच."

"मग ठेवते मी. तू पळ."